‘गेले’ म्हणजे कुठे?

आधीच माफी मागतो. मला लिहिता येतं असं मला वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आजवर मी जे काही लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात नाहीतर रजेच्या अर्जात. मराठीच्या सरांनी वार्षिकांकासाठी न विसरता येणाऱ्या माणसावर लिहायला सांगितलं तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी आजोबा, मामा, शाळेतले गुरुजी अशी नावं दिली. मी खैरनार सिस्टरांचं नाव दिलं. सरांनी विचारलं, तुझ्या कोण लागतात?

त्यांच्यावर लिहायचा मला हक्क आहे का, हेही कळत नाही. मी त्यांना जेमतेम सोळा-सतरा दिवस पाहिलं, आणि त्यातले बरेच दिवस तर त्यांचा चेहराही दिसला नाही. त्यांचं शिक्षण कुठे झालं, नोकरी कधी लागली, हे मला ठाऊक नाही. ज्यांनी त्यांच्याबरोबर वॉर्डात काम केलं त्यांनी हे लिहायला हवं. पण ते लिहितील असं वाटत नाही, म्हणून मी लिहितो आहे. अजून एक सांगायचं राहिलं. मी त्यांची परवानगी घेतलेली नाही. लिहून झालं की त्यांना फोन करून वाचून दाखवणार आहे. नको म्हणाल्या तर कागद फाडून टाकीन.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेची गोष्ट आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाऊसवर टेम्पो चालवायचे. द्राक्षांचा हंगाम उतरणीला लागला होता. आण्णांना आधी ताप आला आणि चौथ्या दिवशी धाप लागायला लागली. पिंपळगावात बेड मिळाला नाही, ओझरला मिळाला नाही. शेवटी नाशिकला एका सरकारी रुग्णालयात तळमजल्यावरच्या वॉर्डात जागा झाली. बेड नंबर चौदा. आईलाही ताप होता, म्हणून ती घरीच राहिली आणि आण्णांबरोबर मी आलो. मी तेव्हा बारावीत होतो.

नातेवाइकांना आत सोडत नव्हते. कंपाउंडात एक कडुनिंब होता, त्याखाली आम्ही सगळे बसायचो. आण्णांना आत नेलं आणि माझ्या लक्षात आलं की त्यांचा चष्मा माझ्याच खिशात राहिलाय. मी गेटवर जाऊन हाका मारायला लागलो. आतून पांढऱ्या किटमधलं एक माणूस आलं. छातीवर निळ्या मार्करने लिहिलं होतं, ‘खैरनार सिस्टर’. त्यांनी चष्मा घेतला, त्यावर फवारा मारला आणि विचारलं, नंबरचा आहे की नुसता मिरवायचा? मी म्हणालो, नंबरचा, गाडी चालवायला लागतो. त्या म्हणाल्या, आत गाडी नाही, आणि आत आम्ही सगळे सारखेच भुतासारखे दिसतो, तरी असू दे. त्या वळल्या तेव्हा पाठीवरचं दिसलं. तिथेही मार्करने लिहिलेलं होतं, ‘मागून हाक मारू नका, ऐकू येत नाही.’

पुढचे सगळे दिवस मी त्यांना त्या अक्षरावरून ओळखायचो. किट रोज नवं असायचं, त्यामुळे अक्षरही रोज नव्याने लिहावं लागायचं. घाईत असल्या की फक्त ‘खैर’ लिहायच्या. गेटवरचे वॉचमन काका म्हणायचे, आज अर्ध्याच आल्यात वाटतं.

आत काय चालायचं ते मला थोडं आण्णांकडून फोनवर कळायचं, आणि थोडं वॉर्डातून घरी सोडलेल्या माणसांकडून. आण्णा कुठल्याही बाईमाणसाला मॅडम म्हणायचे. पहिल्याच दिवशी सिस्टरांनी त्यांना सांगितलं, मॅडम शाळेत असतात, इथे सिस्टर. पेशंटला पोटावर झोपवायचं हे त्यांचं मोठं काम होतं, कारण तसं झोपलं की श्वास बरा मिळतो. आण्णा काही केल्या पालथे होईनात. धाप लागलेल्या माणसाला तोंड खाली करून झोपायचं म्हणजे बुडल्यासारखं वाटतं. बाकीच्या सिस्टर समजावून दमल्या. खैरनार सिस्टर आल्या, फॉर्मवरचा धंदा वाचला आणि म्हणाल्या, “निकम, गाडी रिव्हर्सला घ्या.”

आण्णा पालथे झाले. हसता हसता खोकला आला म्हणे, पण झाले. सिन्नरकडची एक भाजीवाली आजी होती, तिला त्या म्हणायच्या, आजी, पाटी उपडी घाला. एका शिक्षकांना म्हणायच्या, सर, फळ्याकडे तोंड करा. प्रत्येकाच्या कामातला शब्द त्या शोधून काढायच्या. शब्द सापडला की माणूस ऐकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे जे झालं ते आठवलं की हे वाक्य मला फार त्रास देतं.

पाचव्या दिवशी आण्णांचा ऑक्सिजन खाली यायला लागला. दुसऱ्या मजल्यावर जास्त जोराने ऑक्सिजन देणारी मशिनं होती, पण तिथे जागा नव्हती. सिस्टर त्या जागेच्या मागे लागल्या होत्या. सकाळ-दुपार वर जाऊन विचारून यायच्या. त्यांची पुढची ड्यूटी घेणारी सिस्टर स्वतःच पॉझिटिव्ह आली होती, म्हणून त्या दिवशी त्या सलग दुसरी ड्यूटी करत होत्या. दुपारी वर एक मशीन मोकळं झालं. त्यांनी वॉर्डबॉयबरोबर स्वतः स्ट्रेचर ढकलत आण्णांना वर नेलं, मशीन लावून घेतलं आणि खाली येऊन आम्हाला कळवायला फोन उचलला.

मी तेव्हा एका इंजेक्शनसाठी मेडिकलपुढच्या रांगेत उभा होतो आणि माझ्या फोनची बॅटरी संपली होती. त्यांनी फॉर्मवरचा दुसरा नंबर लावला. तो आईचा होता.

“निकमांच्या घरून ना? बेड चौदा,” त्या म्हणाल्या. “ते आत्ताच वर गेले. आता काळजी करू नका.”

आणि फोन ठेवला, कारण तेवढ्यात कुठलं तरी मशीन वाजायला लागलं होतं.

आई नंतर कितीदा तरी सांगायची की बाईचा आवाज लय मोकळा होता, तिला वाटलं, ह्यांचा तरास सुटला म्हणून बाईला बरं वाटलं आसंल. आई तापात होती, जागेवरच बसली. शेजारच्या घरातून आत्या आली. आत्याने जे अशा वेळी करतात ते केलं. आईचं कुंकू पुसलं, आणि उंबऱ्यावर तिचे हात धरून बांगड्या फोडल्या.

मी झाडाखाली परत आलो, वॉचमन काकांच्या केबिनमध्ये फोन चार्जिंगला लावला आणि लगेच चुलत्यांचा फोन आला. ते म्हणाले, योगेश, आण्णा गेले, दवाखान्यातून घरी कळवलंय. मी गेटवर गेलो. वॉचमन काकांकडे मयतांची यादी असायची. त्यांनी ती दोनदा वाचली. निकम नव्हते. काका म्हणाले, यादीत नाव नाही तर गेले कसे? मी म्हणालो, आतूनच फोन आलाय. त्यांनी आत निरोप पाठवला. निरोपाला वेळ लागला. तेवढ्या वेळात मी मृत्यूच्या दाखल्याच्या खिडकीपुढे जाऊन उभा राहिलो. झाडाखालच्या एका माणसाने सांगितलं होतं की आधी तिथे नंबर लाव, नाहीतर संध्याकाळ होते. मी नंबर लावला होता. हे मी आजवर आईला सांगितलेलं नाही.

सिस्टर बाहेर आल्या. किटवर ‘खैर’ एवढंच होतं. त्यांनी विचारलं, गेले असं कोण म्हणालं? मी म्हणालो, तुम्हीच.

“मी वर गेले म्हणाले. दुसऱ्या मजल्याव...”

वाक्य तिथेच राहिलं. त्यांचं त्यांनाच कळलं. गॉगलच्या आतून सगळी वाफ धरलेली होती, डोळे दिसत नव्हते. त्या पायरीवर बसल्या. किटमध्ये असं बाहेर बसायला परवानगी नव्हती, काकांनी दुसरीकडे तोंड केलं. मग त्यांनी विचारलं, घरी काय झालं? मी सांगितलं. बांगड्यांचंही सांगितलं. सांगायला नको होतं असं नंतर वाटलं.

त्यांनी मला आईला फोन लावायला सांगितला आणि स्पीकर सुरू करून लांबून धरायला सांगितलं. आधी आण्णा जिवंत आहेत हे त्यांनी तीनदा सांगितलं. मग, चूक माझी झाली, असं म्हणाल्या. मग आईने विचारलं,

“मंग मी आता बांगड्या भरू का?”

“भरा, ताई. आत्ताच्या आत्ता भरा.”

आई म्हणाली, कासाराचं दुकान बंद हाय, घरात एक बी नाय उरली.

“माप काय तुमचं?” सिस्टरांनी विचारलं.

आई म्हणाली, सव्वादोन.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला इंजेक्शनचा एक रिकामा खोका दिला. आत कापसात गुंडाळलेल्या आठ हिरव्या बांगड्या होत्या. हातमोज्यांखाली बांगडी चालत नाही, म्हणून लाट सुरू झाली तेव्हा त्यांनी त्या काढून कपाटात ठेवल्या होत्या. म्हणाल्या, मला जरा ढिल्याच होतात, तुझ्या आईला बसतील. पॅकहाऊसचा टेम्पो माल उतरवून परत चालला होता, त्याच्याबरोबर मी खोका घरी पाठवला. आत्याचं म्हणणं पडलं की एकदा मोकळ्या केलेल्या हातात परत बांगड्या भरणं बरं नाही. आईने ऐकलं नाही.

त्यानंतर वॉर्डातल्या फोनजवळ एक कागद चिकटवला गेला. मी तो पाहिला नाही, पण तो सगळ्यांना पाठ होता. फोनवर बोलायचे नाहीत असे शब्द त्यावर सिस्टरांनी लिहिले होते. गेले. वर. सुटले. आटोपलं. शांत झोपलेत. घेऊन जा. एवढे सगळे शब्द आपल्याकडे दोन्ही अर्थांनी चालतात हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पेशंटला घरी सोडायचं असेल तर, बरे झालेत, चालत घरी येतील, असं पूर्ण सांगायचं. हलवलं असेल तर मजला आणि बेड नंबर सांगायचा. आणि वारले असतील तर वारले असंच म्हणायचं, वेळ सांगायची आणि जवळ कोण होतं ते सांगायचं. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘कोणी “गेले” म्हणाले तर लगेच विचारा : कुठे?’

तो नियम झाडाखालपर्यंत आला. कुणी म्हणालं, डॉक्टर गेले, की दहा जण एकदम म्हणायचे, कुठे? आणि उत्तर यायचं, चहाला. वॉचमन काकांनी एकदा नुसतंच, लाइट गेली, म्हटलं तर म्हाताऱ्या बायासुद्धा म्हणाल्या, कुठं? आम्ही हसायचो. हसलेलं मला आठवतं. त्याच झाडाखाली रोज कुणाचं तरी कुणी वारत होतं, आणि हसणाऱ्यांत उद्या आपण असू की नाही हे कुणाला माहीत नव्हतं.

आण्णा आता त्यांच्या वॉर्डात नव्हते, तरी ड्यूटी संपली की सिस्टर वर जाऊन त्यांना बघून यायच्या आणि वॉर्डाच्या खिडकीशी येऊन मला सांगायच्या. पूर्ण वाक्यात सांगायच्या. वडील दुसऱ्या मजल्यावर आहेत, बेड तीन, पालथे आहेत, जागे आहेत, दोन घोट पेज घेतली. बेड तीन झाला तरी मला त्या चौदाच म्हणायच्या. चौदा, जेवलास का? मी हो म्हणायचो. त्या सटाण्याकडच्या होत्या. दमल्या की त्यांच्या बोलण्यात तिकडचं यायचं. बरं शे, म्हणायच्या, आणि लगेच, बरं आहे, असं दुरुस्त करायच्या. निघताना कधीच जाते म्हणायच्या नाहीत. येते, म्हणायच्या. आपण सगळेच तसं म्हणतो, पण त्या ते नीट उच्चारायच्या, पेशंटला औषध सांगावं तसं.

किट उतरवल्यावर त्या मागच्या पायऱ्यांवर बसायच्या. तिथे त्यांचा चेहरा मी लांबून बघितला. नाकावर गॉगलची लाल खाच पडलेली, बोटं पाण्यात भिजवून ठेवल्यासारखी पांढरी. सहा-सात तास पाणी प्यायचं नाही, कारण किटमध्ये बाथरूमला जाता येत नाही. एक बाटली तोंडाला लावली की रिकामी करूनच खाली ठेवायच्या. मग दोन बोटं वर करायच्या. याचा अर्थ, दोन मिनिटं माझ्याशी कुणी बोलू नका. दोन मिनिटं झाली की बोटं खाली, आणि, हं, बोला. डॉक्टरसुद्धा ती दोन मिनिटं पाळायचे.

भीतीबद्दल त्यांचं एकच उत्तर असायचं. सोनाली नावाची एक नवी सिस्टर होती, माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी असेल. ती एकदा किटमध्येच चक्कर येऊन पडली. तिला बाहेर आणलं तेव्हा ती रडत म्हणत होती की मला भीती वाटते, मला घरी पाठवा. खैरनार सिस्टर तिचा हात पुसत म्हणाल्या, “आज वेळ नाही गं. उद्या घाबरू.” दुसऱ्या दिवशी सोनाली आली. तिच्या छातीवर नावाखाली लिहिलेलं होतं, ‘उद्या’. कुणी लिहिलं ते अक्षरावरून कळत होतं.

पण मी त्यांना फार शूर करून सांगतोय की काय असं वाटतं. तसं नको. एका दुपारी एका माणसाचा भाऊ वारला. त्याने गेटमध्ये शिरून, पहिली दिसली ती सिस्टर धरली. त्या खैरनार सिस्टर होत्या, किट उतरवून बाहेर येत होत्या. त्याने त्यांना ढकललं. त्यांचा चष्मा पडून फुटला. काका पोलिसांना बोलावत होते, सिस्टर नको म्हणाल्या. त्याला कुणावर तरी ओरडायचं होतं, एवढंच म्हणाल्या. सगळे जण त्यांना मोठ्या मनाच्या म्हणाले. मी मागच्या पायऱ्यांजवळून जात होतो तेव्हा त्या फुटलेली काच हातात घेऊन बसल्या होत्या आणि त्या माणसाला शिव्या देत होत्या, अगदी आमच्या टेम्पोस्टँडवरच्या. मग त्यांनी दोन बोटं वर केली. मी थांबलो. ती बोटं अर्धा तास खाली आली नाहीत. सोनाली सिस्टर येऊन बघून परत गेली. त्या सकाळी त्यांच्या वॉर्डातले तीन बेड लागोपाठ रिकामे झाले होते. पाटी उपडी घालणारी आजी त्यातली एक होती.

त्या महिनाभर घरी गेल्या नव्हत्या. घरमालकाने सांगितलं होतं की लाट ओसरेपर्यंत येऊ नका. नर्सिंग हॉस्टेलच्या एका खोलीत चौघी राहायच्या. सटाण्याला त्यांची मुलगी आजीकडे होती, चौथी-पाचवीत असावी. तिचा व्हिडिओ कॉल आला की आधी मास्क काढून चेहरा दाखवावा लागायचा. ती म्हणायची, आधी दाखव, मग बोलते.

आण्णांना वर नेऊन अकरा दिवस झाले होते. बाराव्या दिवशी सकाळी मी झाडाखाली पेपर अंथरून बसलो होतो. सिस्टर खिडकीशी आल्या नाहीत. दारातून बाहेर आल्या आणि चालत झाडापर्यंत आल्या. किट नव्हतं, मास्क होता. झाडापर्यंत त्या कधीच आल्या नव्हत्या. माझ्या शेजारचे लोक उठून बाजूला झाले. त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या.

“योगेश, तुझे वडील वारले. नऊ वाजून दहा मिनिटांनी. मी तिथे होते.”

त्यांनी माझं नाव पहिल्यांदाच घेतलं. मी काय केलं ते मला आठवत नाही. त्या बसून राहिल्या, एवढं आठवतं.

घरी फोन मी केला. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, वर नेलं आसंल. मी म्हणालो, आई, वारले. ती म्हणाली, मागं बी त्या बाई आसंच बोलल्या व्हत्या, तू नीट विचार, कितव्या मजल्यावर नेलंय ते विचार. ती शांतपणे बोलत होती. मागून आत्याचं रडणं ऐकू येत होतं आणि आई तिला गप्प करत होती. मी सिस्टरांकडे बघितलं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

“ताई, या वेळेस माझी चूक नाही,” त्या म्हणाल्या. “चूक असती तर बरं झालं असतं.”

मग आई रडली. सिस्टरांनी फोन कानाला धरून ठेवला होता. तिचं रडणं होईपर्यंत त्यांनी तो ठेवला नाही. आत त्यांना कुणीतरी बोलावत होतं.

अंत्यसंस्काराचं लिहीत नाही. मी लांब उभा होतो. चष्मा मला एका पिशवीत मिळाला, पिशवीवर मार्करने लिहिलं होतं, ‘निकम, नंबरचा’.

घरी पोहोचलो तर आईच्या हातात बांगड्या तशाच होत्या. आत्या समोर बसली होती. आई म्हणाली, ह्या माझ्या नायत, दुसऱ्याच्या हायेत, फोडायच्या नायत. मग तिने हाताला साबण लावून त्या एकेक करून आठही स्वतः उतरवल्या, कापसात गुंडाळून त्याच खोक्यात ठेवल्या आणि दोऱ्याने बांधल्या. मला म्हणाली, त्या बाईंना परत नेऊन दे.

मी लगेच नेल्या नाहीत. त्या वेळी जाता आलं नाही, आणि नंतर जायची हिंमत झाली नाही. पुढच्या वर्षी नाशिकला कॉलेजात प्रवेश घेतला, हॉस्टेलवर आलो, खोका ट्रंकेत आला. रुग्णालय हॉस्टेलपासून सायकलवर वीस मिनिटांवर आहे. एकदा गेलो. कडुनिंबाखाली आता दुचाकी लावतात. काउंटरवर सांगितलं, खैरनार सिस्टरांच्या नेमणुकीची ऑर्डर संपली, कोविडपुरत्या घेतल्या होत्या, सगळ्यांनाच कमी केलं. पत्ता कुणाला माहीत नव्हता. आई दर सुट्टीत विचारायची, दिल्या का?

मग मागच्या वर्षी त्या मला दिसल्या. स्टँडवर सटाण्याची एसटी लागली होती आणि एक बाई दारात, पहिल्या पायरीवर थांबली होती. मागचे लोक, चला ना बाई, म्हणत होते. तिने न वळता हात मागे केला आणि दोन बोटं वर धरली.

मी धावत गेलो. चेहरा मला तसा अनोळखीच होता. गाल बसले होते, अंबाड्यात मार्कर खोचलेला होता. त्यांनी मला ओळखलं नाही. मी म्हणालो, बेड चौदा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, निकम, रिव्हर्स. मग विचारलं, आई कशी आहे? एका वाक्यात दोनदा थांबत होत्या. त्यांना स्वतःला दोनदा कोरोना होऊन गेला होता, दुसऱ्यांदा फुप्फुसाला लागला. आता सटाण्याला एका छोट्या दवाखान्यात अर्धा दिवस बसतात, तपासणीला नाशिकला येतात, असं सांगितलं. मी विचारलं, तुम्ही कशा आहात? त्या हसल्या.

“आता घाबरायला वेळ मिळालाय,” म्हणाल्या.

बांगड्यांचं मी सांगितलं. त्यांना आठवतच नव्हत्या. मग आठवल्या. आपलं मनगट पुढे करून म्हणाल्या, आता तर सव्वादोनच्याही कोपरापर्यंत जातील. पण मी म्हणालो, आईने परत द्यायला सांगितल्यात. अंबाड्यातला मार्कर काढून माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी फोन नंबर लिहिला, खाली ‘खैर’ लिहिलं, आणि म्हणाल्या, आधी फोन कर, मी घरी असते. कंडक्टरने घंटी वाजवली. दोन पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागला. वर पोहोचून त्यांनी दांडी धरली, श्वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “येते.”

एसटी गेली. मी हे वाक्य असंच लिहितोय आणि माझं मलाच ऐकू येतंय, कुठे?

फोन मी केला नाही. आज करू, परीक्षा झाल्यावर करू, असं करत वर्ष निघून गेलं. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. आता हे लिखाण आहे, त्यामुळे निमित्त आहे.

इथपर्यंत मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. रविवारी सकाळी आंघोळ करून, कागद समोर घेऊन, खोका शेजारी ठेवून मी फोन लावला. एका मुलीने उचलला. मी म्हणालो, खैरनार सिस्टर आहेत का?

ती म्हणाली, “आई गेली.”

“कुठे?” मी विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं. तिकडे घरात कुकरची शिट्टी झालेली ऐकू आली. मग तिने विचारलं, “तुम्ही आईच्या वॉर्डातले का?”

मी म्हणालो, हो, बेड चौदा.

“थांबा, मग तुम्हाला नीट सांगते,” ती म्हणाली. आणि तिने एकेक शब्द सावकाश, सुटा करून सांगितला.

“आई वारली. सोमवारी सकाळी, पावणेआठ वाजता. मी तिथे होते.”